करोडगिरीचा नाका आणि सार्वभौमत्वाचा प्रश्न

सार्वभौमत्व हा शब्द राजकारणात फार मोठ्याने उच्चारला जातो, पण त्याचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या सोयीने लावलेला असतो. १९४७ सालच्या जून महिन्यात हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढून जाहीर केले की, इंग्रजांची सत्ता हिंदुस्थानातून उठताच आपण स्वतंत्र व सार्वभौम राजे होण्यास मोकळे आहोत. त्यानंतर एकोणसत्तर वर्षांनी, २०१६ सालच्या जून महिन्यातच, ब्रिटनच्या मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. त्या वेळी बाहेर पडा असे सांगणाऱ्यांच्या तोंडीही हाच शब्द होता. आमचे कायदे आम्ही करू, आमची सरहद्द आम्ही राखू, आमचा व्यापार आम्ही ठरवू, असे त्यांचे म्हणणे होते. वरवर पाहता निजामाचे म्हणणे याहून निराळे नव्हते. तरीही या दोन घोषणांत महदंतर आहे, आणि ते कशात आहे हे पाहणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

युरोपातील हा वाद जालन्याच्या बाजूच्या मंडळींपुढे कशास मांडावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर दूर जाऊन शोधण्याची गरज नाही. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी या गावाचे नाव २०२३ सालच्या आंदोलनापासून महाराष्ट्रभर सर्वांच्या तोंडी झाले. त्या आंदोलनाच्या निमित्ताने 'निजामकालीन नोंदी' आणि 'हैदराबाद गॅझेट' हे शब्द चावडीपासून मंत्रालयापर्यंत गेले. जुनी दफ्तरे तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि २०२५ च्या सप्टेंबरात हैदराबाद गॅझेटचा आधार घेण्याविषयी शासनाने निर्णय काढला. त्या मागणीच्या गुणदोषांत आम्हांस येथे शिरावयाचे नाही. आमचे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे जाते. पुणे, नाशिक वा सातारा येथील माणसास आपल्या आजोबाची नोंद शोधण्यासाठी दुसऱ्या राज्याचे दफ्तर चाळावे लागत नाही. मराठवाड्यातील माणसास ते चाळावे लागते, कारण त्याचे आजोबा खरोखरच निराळ्या राज्याचे रयत होते. त्या राज्याचा सिक्का निराळा होता, टपाल निराळे होते, रेल्वे निराळी होती, कारभाराची भाषा उर्दू होती आणि सालगणना फसली होती. त्या राज्याच्या सरहद्दीवर जकातीचे नाके होते. तेव्हा सार्वभौमत्व आणि जकात यांचा परस्परसंबंध हा लंडन आणि ब्रुसेल्स येथील पंडितांनीच चर्चावा असा विषय नाही. आपल्या मुलखाने तो अंगावर सोसलेला आहे.

नाका

निजामी कारभारात 'करोडगिरी' नावाचे एक खाते होते. राज्यात येणाऱ्या व राज्यातून जाणाऱ्या मालावर सरहद्दीवर जकात घेणे हे त्याचे काम. हैदराबाद संस्थान विस्ताराने ८२ हजार चौरस मैलांहून मोठे, १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे लोकसंख्या एक कोटी ६३ लाख, पण त्याला समुद्रकिनारा मुळीच नव्हता. मीठ, घासलेट, गिरणीचे कापड, लोखंड हे सारे ब्रिटिश मुलखातून यावयाचे आणि कापूस व गळिताची धान्ये त्याच मुलखातून बाहेर जावयाची. हैदराबाद गोदावरी खोऱ्याची रेल्वे १९०० च्या सुमारास जालन्यावरून मनमाडपर्यंत गेली, आणि कापसाच्या पेठेमुळे 'जालना, सोने का पालना' ही म्हण अधिकच सार्थ झाली. पण त्या पाळण्याची दोरी सरहद्दीपलीकडील मुंबईच्या बाजाराच्या हाती होती.

आता या करोडगिरीचे खरे स्वरूप पाहा. १८०२ साली निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात व्यापाराचा तह झाला. कंपनीच्या मुलखातून येणाऱ्या मालावर निजामाने शेकडा पाचच जकात घ्यावी, अधिक घेऊ नये, असे त्यात ठरले. म्हणजे नाका निजामाचा, शिपाई निजामाचा, पावतीवरील शिक्का निजामाचा. परंतु जकातीचा दर मात्र तहाने बांधलेला. दुसरी गोष्ट अशी की, परदेशी माल मुंबई बंदरात उतरला म्हणजे त्यावर इंग्रज सरकार आपली समुद्री जकात घेई आणि ती आपल्याच तिजोरीत ठेवी. तोच माल पुढे निजामी हद्दीत आला की त्यावर करोडगिरी बसे. हैदराबादच्या रयतेस एकाच वस्तूवर दोन सरकारांची जकात भरावी लागे, आणि त्या दोहोंपैकी एकाही सरकारला जाब विचारण्याचा अधिकार तिला नव्हता. संस्थानांची ही तक्रार पुढे १९३२ च्या डेव्हिडसन समितीपुढे आली आणि १९३५ च्या कायद्यातील नियोजित संघराज्यात संस्थानांनी यावे की नाही, या वाटाघाटींतही जकातीचा प्रश्न पुन्हा पुन्हा अडथळा होऊन बसला. ते संघराज्य अस्तित्वात आलेच नाही. पण राजेरजवाड्यांना त्या वेळी पडलेला प्रश्न नीट पाहिला, तर तो आजच्या युरोपातीलच प्रश्न आहे. मोठ्या बाजारात सामील झाल्याने लाभ किती, आणि त्यासाठी आपल्या हातातील अधिकार किती सोडावयाचा?

नाक्याप्रमाणेच सिक्क्याची गोष्ट. निजामी रुपयास लोक हाली म्हणत आणि इंग्रजी रुपयास कलदार. शंभर कलदारांस एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, असा सरकारी भाव होता. म्हणजे सात हालीस सहा कलदार. जालन्याच्या पेढीवरील मुनीमास हे दोन्ही हिशेब तोंडपाठ ठेवावे लागत. निजामी नोटेवर किंमत उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडीतही छापलेली असे. शाळा-कचेऱ्यांत ज्या भाषांस मान मिळत नव्हता त्यांना नोटेवर तेवढी जागा मिळाली होती. सिक्का पाडणे ही राजाच्या सार्वभौमत्वाची जुनी खूण. पण सिक्का पाडणे निराळे आणि बाजारात त्याचा भाव ठरविणे निराळे. पहिले निजामाच्या हाती होते. दुसऱ्याचा लगाम मुंबईच्या बाजारात होता.

जालन्याहून उत्तरेस दहाएक कोसांवर देऊळगावराजा लागते. तो बुलढाणा जिल्हा, म्हणजे वऱ्हाड. वऱ्हाड हा कागदोपत्री निजामाचाच मुलूख होता. १८५३ च्या तहाने तो इंग्रजांच्या ताब्यात गेला, १९०२ साली वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने दिला गेला, आणि १९३६ च्या करारातही त्यावर निजामाचे सार्वभौमत्व असल्याचे इंग्रजांनी आवर्जून मान्य केले. युवराजास 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली, आणि वऱ्हाडात इंग्रजी निशाणाशेजारी निजामाचे निशाण फडकविण्याची तरतूद झाली. परंतु कायदा इंग्रजांचा, नाणे इंग्रजांचे आणि निजामी करोडगिरीची हद्द वऱ्हाडच्या अलीकडेच संपलेली. सार्वभौमत्वाची रेषा एकीकडून आणि जकातीची रेषा दुसरीकडून, असा हा प्रकार. शेतकऱ्याचा आणि व्यापाऱ्याचा संबंध येई तो दुसऱ्या रेषेशी. ही वऱ्हाडची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे आयर्लंडच्या प्रकरणात आपणांस तिच्याकडे पुन्हा वळावयाचे आहे.

फर्मान

याच वऱ्हाडच्या वादात निजामाने १९२५ साली व्हाइसरॉयास असे लिहिले की, परराष्ट्रीय बाबी सोडल्या तर आपण आणि ब्रिटिश सरकार बरोबरीचे आहोत. २७ मार्च १९२६ रोजी लॉर्ड रीडिंग यांनी त्यास उत्तर दिले. हिंदुस्थानात ब्रिटिश राजसत्ता सर्वश्रेष्ठ असून कोणत्याही संस्थानिकास तिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलण्याचा अधिकार नाही, असा त्या उत्तराचा आशय होता. ते उत्तर इतके स्पष्ट होते की पुढील वीस वर्षे हा वाद बंद पडला. तो पुन्हा उघडला तो इंग्रज जाण्याची वेळ आल्यावर. संस्थानांवरील अधिसत्ता संपुष्टात येईल, ती नव्या सरकारांकडे जाणार नाही, असे इंग्रजांनी १९४६ मध्येच सांगून टाकले होते. तेव्हा निजामाचे फर्मान केवळ हट्टाचे होते असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. कायद्याच्या अक्षराकडे पाहिले तर त्यांच्या बाजूस काही बळ होते, आणि सर वॉल्टर मॉंक्टन यांच्यासारखा नामांकित इंग्रज कायदेपंडित त्यांचा सल्लागार होता. आपले राज्य कित्येक स्वतंत्र राष्ट्रांहून मोठे आहे, आपली तिजोरी भरलेली आहे, आपला सिक्का आहे, फौज आहे. मग आपण स्वतंत्र का होऊ नये, असा हा युक्तिवाद होता.

पण त्याच वर्षीच्या ब्रिटिश कायद्यात एक बारीक तरतूद होती. अधिसत्ता संपली तरी जकात, वाहतूक, दळणवळण, टपाल व तारखाते यांविषयीचे चालू करार, कोणी ते मोडीपर्यंत वा नवे होईपर्यंत, तसेच चालू ठेवावयाचे होते. राजमुकुटाचा प्रश्न एका दिवसात निकालात निघू शकतो, मिठाच्या गोणीचा प्रश्न तसा निघत नाही, हे त्या कायदेकारांस कळले होते. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी हैदराबाद आणि भारत यांच्यात झालेला 'जैसे थे' करारही याच धर्तीचा होता. संरक्षण, परराष्ट्रसंबंध आणि दळणवळण यांची जुनी व्यवस्था एक वर्ष चालावी, एवढेच त्यात ठरले.

तो करार मोडला तो प्रथम पैशाच्या आणि व्यापाराच्या जागी. हैदराबाद सरकारने सोन्याचांदीची भारतात निर्यात करण्यास बंदी घातली, भारतीय चलन आपल्या राज्यात बेकायदा ठरविले, आणि भारत सरकारच्या रोख्यांतील २० कोटी रुपये पाकिस्तानला कर्जाऊ दिले. उलट हैदराबादची तक्रार अशी की, भारत आपली आर्थिक नाकेबंदी करीत असून तेल, औषधे, यंत्रसामग्री अडवून धरीत आहे. समुद्र नसलेल्या राज्याचे सार्वभौमत्व शेजाऱ्याच्या रस्त्यावर अवलंबून असते, हा धडा त्या वर्षी दोन्ही बाजूंस मिळाला. त्याची किंमत मात्र फर्मान काढणाऱ्याने भरली नाही. ती मीठ आणि घासलेट यांसाठी रांगेत उभ्या राहणाऱ्याने भरली.

रयतेचे मत काय होते? फर्मानापूर्वी तिला ते कोणीही विचारलेले नव्हते. न विचारताच ते दिसून आले, तेवढ्यावरूनच आपणांस ते कळते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ हा दिवस भारतात सामील होण्याच्या मागणीचा दिवस म्हणून पाळला. पुढे सरहद्दीवर कार्यकर्त्यांची केंद्रे उभी राहिली, सिंदीची झाडे तोडली गेली, आणि करोडगिरीचे नाके जाळले गेले. नाका जाळण्यात जकात बुडविण्याचा हेतू नव्हता. ज्या सत्तेने आपणांस विचारलेले नाही, तिची रेषा आपण मानीत नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. दुसऱ्या बाजूस लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या रझाकारांनी गावेच्या गावे धास्तावून सोडली. हिंदू विरुद्ध मुसलमान असे या लढ्याचे सरधोपट चित्र काढणारांनी शोएबुल्ला खान या तरुण संपादकाचे स्मरण ठेवावे. 'इमरोज' या उर्दू पत्रातून त्यांनी भारतात सामील होण्याचा पुरस्कार केला, आणि १९४८ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा खून झाला. सार्वभौमत्व राजाचे की रयतेचे, या वादात त्यांनी रयतेची बाजू घेतली होती.

१९४८ च्या जून महिन्यात तडजोडीचा एक मसुदा तयार झाला. त्यात सामिलीकरणाच्या प्रश्नावर सार्वमत घेण्याची तरतूद होती. निजामाने तो मसुदा स्वीकारला नाही. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य निघाले. औरंगाबाद दुसऱ्याच दिवशी पडले, १५ तारखेस जालन्यात गुरख्यांची तुकडी येऊन थांबली, आणि १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. हैदराबादची तक्रार सुरक्षा समितीपुढे पॅरिस येथे १६ सप्टेंबरला निघाली होती. तिच्यावर चर्चा होईतो तक्रारदाराचाच पवित्रा बदलला. हा विजय सांगताना त्यामागून आलेले दुःखही सांगितले पाहिजे. पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात आणि इतरत्र निरपराध मुसलमान कुटुंबांवर जे अत्याचार झाले, त्यांची पाहणी पंडित सुंदरलाल यांच्या मंडळाने केली, आणि तिचा अहवाल कित्येक दशके दप्तरातच राहिला. रेषा पुसण्याच्या कामातही माणसे चिरडली जातात. ज्यांना मुक्तीचा अभिमान आहे त्यांनीच हे प्रथम बोलावे, असे आम्हांस वाटते.

रेषा पुसण्याचे काम

लढाई पाच दिवसांत संपली. नाका मात्र पाच दिवसांत उठला नाही. २३ नोव्हेंबर १९४९ च्या फर्मानाने निजामाने भारताची घटना स्वीकारली आणि २६ जानेवारी १९५० पासून ते राजप्रमुख झाले. १ एप्रिल १९५० रोजी रेल्वे व टपाल केंद्राकडे गेले. परंतु करोडगिरी हे संस्थानी तिजोरीचे मोठे उत्पन्न होते. ते एकदम बंद केले तर शाळा, दवाखाने आणि नोकरांचे पगार चालविणार कशावर? यास्तव घटनेच्या ३०६ व्या कलमात, हैदराबादसारख्या राज्यांनी केंद्राशी करार करून बाहेरच्या मालावरील जकात जास्तीत जास्त दहा वर्षे चालू ठेवावी अशी सवलत दिली गेली, आणि २७८ व्या कलमान्वये तुटीची भरपाई करण्याची व्यवस्था झाली. ही दोन्ही कलमे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने गळाली. हाली रुपया पाडणे बंद झाल्यावरही काही वर्षे चालत राहिला आणि १९५९ साली कायमचा गेला. प्रौढ मतदानाने आपले मत देण्याची पहिली संधी या रयतेस मिळाली ती १९५२ च्या निवडणुकीत. जो हक्क तिने सामिलीकरणापूर्वी मागितला होता, तो तिला सामिलीकरणानंतर मिळाला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे विशाल द्वैभाषिकात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. त्यापूर्वी २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने निधी, नोकऱ्या आणि शिक्षणाच्या सोयी यांत या भागास न्याय्य वाटा देण्याचे ठरले होते, आणि सातव्या घटनादुरुस्तीने ३७१ व्या कलमात विकास मंडळांची तरतूद झाली. ती मंडळे प्रत्यक्षात १९९४ साली आली आणि त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. मधल्या काळात दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेषाचे आकडे मांडले. आपण बिनशर्त आलो आणि म्हणून मागे राहिलो, असा एक सूर मराठवाड्यात नेहमी ऐकू येतो. तो सर्वस्वी खरा आहे असे आम्ही म्हणत नाही, पण तो निराधारही नाही. मोठ्या बाजारात व मोठ्या राज्यात शिरताना लहान प्रदेश आपला नाका सोडतो. त्याच्या बदल्यात त्यास वाटा आणि आवाज ही दोन्ही मिळावयास हवीत. वाटा कागदावर राहिला आणि आवाज क्षीण झाला की जुन्या नाक्याची आठवण गोड वाटू लागते. युरोपातही नेमके हेच घडले.

युरोपचा नाका

दोन महायुद्धांत होरपळलेल्या युरोपने १९५१ साली कोळसा व पोलाद यांच्या सामाईक कारभाराचा तह केला. २५ मार्च १९५७ रोजी रोम येथे सहा राष्ट्रांनी सामाईक बाजारपेठेचा तह केला. आपसांतील जकाती उठवावयाच्या आणि बाहेरच्या जगापुढे एकच जकात ठेवावयाची, हे त्याचे मूळ सूत्र. ब्रिटन प्रथम बाहेर राहिले. पुढे आत येऊ म्हणाले तर फ्रान्सच्या द गॉल यांनी १९६३ व १९६७ मध्ये दोनदा दार लावून घेतले. शेवटी १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन आत गेले, आणि १९७५ च्या सार्वमतात शेकडा ६७ मतदारांनी आत राहण्यास संमती दिली.

पण या बाजाराला नियम लागतात, नियमांना न्यायालय लागते, आणि तेथेच सार्वभौमत्वाचा काटा रुतला. ब्रिटिश घटनेचा पाया असा की, पार्लमेंटने केलेला कायदा कोणी रद्द करू शकत नाही. स्पॅनिश मासेमारी नौकांच्या प्रसिद्ध खटल्यात मात्र १९९० साली असे दिसले की, युरोपीय कायद्याशी विसंगत असेल तर पार्लमेंटचा कायदाही न्यायालय बाजूस ठेवू शकते. बाहेर पडू पाहणाऱ्यांस हे दास्य वाटले. आत राहू पाहणाऱ्यांचे उत्तर असे होते की, ते नियम ठरविणाऱ्या सभेत ब्रिटनचे मंत्री बसतात आणि युरोपीय संसदेत ब्रिटनने निवडून दिलेले सभासद असतात. दहा जणांनी मिळून अधिकार वापरला तर तो गमावला असे होत नाही. दोन्ही पक्षांत प्रामाणिक माणसे होती. ज्या गावांतील कारखाने बंद पडले होते, तेथील माणसास आपला आवाज ब्रुसेल्सला पोहोचत नाही असे वाटले तर ते समजण्यासारखे आहे. तो लंडनलाही पोहोचत नव्हता, हा भाग निराळा.

२३ जून २०१६ रोजी शेकडा ७२ मतदान झाले. बाहेर पडण्याच्या बाजूने शेकडा ५१.९ आणि विरुद्ध ४८.१. इंग्लंड व वेल्स एकीकडे, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड दुसरीकडे. यानंतर जे झाले ते आमच्या विषयाच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. बाहेर पडण्याची नोटीस सरकारने राजसत्तेच्या विशेषाधिकारात परस्पर द्यावी की पार्लमेंटची परवानगी घ्यावी, असा खटला उभा राहिला, आणि जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पार्लमेंटच्या बाजूने निकाल दिला. निजामाचे फर्मान आणि हा निकाल शेजारी शेजारी ठेवून पाहावे. तेथे राजाच्या एका सहीने एक कोटी ६३ लाख माणसांचे भवितव्य ठरू पाहत होते. येथे लोकांचा कौल मिळाल्यावरही सरकारने प्रतिनिधिसभेस वगळू नये, असे न्यायालयाने बजावले. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले, आणि त्याच वर्षाअखेर जुनी व्यापारी व्यवस्था संपली.

आता आयर्लंडकडे वळू. आयर्लंडचे प्रजासत्ताक युरोपीय संघात, उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये, आणि मध्ये सुमारे ५०० किलोमीटरची सरहद्द. त्या सरहद्दीच्या दोन्ही अंगांस तीस वर्षे रक्तपात झाला होता. १९९८ च्या करारानंतर तेथे शांतता आली आणि चौक्या उठल्या. ब्रिटन बाहेर पडताच या शेतांमधून पुन्हा जकातीची रेषा ओढणे प्राप्त झाले. ते टाळण्यासाठी ती रेषा समुद्रात नेली. उत्तर आयर्लंड ब्रिटिश राजमुकुटाखालीच राहिले, पण मालाच्या बाबतीत तेथे युरोपचे नियम चालू राहिले, आणि ब्रिटनच्याच एका भागातून दुसऱ्या भागात जाणाऱ्या काही मालाची तपासणी सुरू झाली. २०२३ च्या विंडसर येथील समझोत्याने ती बरीच सौम्य झाली, तरी रेषा राहिलीच. निशाण एकाचे आणि नियम दुसऱ्याचे! वऱ्हाडचीच गोष्ट येथे शतकानंतर पुन्हा घडली. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की वऱ्हाडच्या माणसास १८५३, १९०२ वा १९३६ साली कोणी काही विचारले नाही. उत्तर आयर्लंडच्या विधानसभेने मात्र ही व्यवस्था पुढे चालवावी की नाही यावर डिसेंबर २०२४ मध्ये मतदान करून ती चालू ठेवली, आणि नव्या युरोपीय नियमांस हरकत घेण्याची वाटही तिला ठेवलेली आहे.

निष्कर्ष

या दोन इतिहासांवरून आम्हांस जे दिसते ते असे. नाका हे सार्वभौमत्वाचे चिन्ह आहे, पण नाका म्हणजे सार्वभौमत्व नव्हे. निजामापाशी नाका होता, सिक्का होता, निशाण होते. आणि जकातीचा दर तहाने बांधलेला, सिक्क्याचा भाव परक्या बाजाराने ठरविलेला, आणि वऱ्हाड दुसऱ्याच्या ताब्यात. ब्रिटनने आपला नाका परत मिळविला, तरी जेथे माल विकावयाचा तेथले नियम पाळणे त्याला चुकले नाही. जगात कोणतेच राज्य संपूर्ण मोकळे नाही. कोणाशी बांधून घ्यावे, किती बांधून घ्यावे आणि केव्हा सोडवून घ्यावे, हे ठरविणे तेवढे हाती असते. ते ठरविण्याचा अधिकार जकात भरणाऱ्याच्या हाती असेल तर ते सार्वभौमत्व खरे. तो अधिकार एका सिंहासनाच्या वा एका कचेरीच्या हाती असेल, तर नाका कितीही भक्कम असो, आत राहणारा माणूस पराधीनच.

ब्रिटनच्या लोकांनी केलेली निवड शहाणपणाची की चुकीची, याचा निवाडा तेच करतील. आपली चूक आपण करणे आणि ती आपणच सुधारणे हाही स्वातंत्र्याचाच भाग आहे. हैदराबादच्या रयतेस ही संधी फर्मानाने नाकारली होती, म्हणून तिने नाके जाळले.

आपल्या देशातही हा प्रश्न मिटलेला नाही. त्याचे रूप बदलले आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, मुंबईच्या वेशीवरील जकातनाका त्याबरोबर उठला, आणि राज्यांनी कर बसविण्याचा आपला मोठा अधिकार एका सामाईक परिषदेत नेऊन ठेवला. तेथे केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयास तीन चतुर्थांश बहुमत लागते. ट्रक थांबत नाहीत ही सोय खरी. पण महाराष्ट्राच्या वतीने तेथे जो बोलतो तो जालन्याच्या सरकीविषयी, अंबडच्या मोसंबीविषयी काय बोलला, हे विचारण्याची सवय आपणांस लागली आहे काय? नागपूर कराराचा अनुभव सांगतो की, वाटा मागितल्यावाचून मिळत नाही आणि आवाज वापरल्यावाचून टिकत नाही.

हैदराबादचे राज्य गेले, त्याचा सिक्का गेला, करोडगिरीचा नाका गेला. दप्तर तेवढे उरले, आणि अंतरवाली सराटीच्या माणसास आज आपल्या हक्काचा पुरावा त्या दप्तरात शोधावा लागत आहे. ज्या काळी त्या नोंदी लिहिल्या गेल्या त्या काळी नोंदविला जाणारा मनुष्य रयत होता. आज त्या उघडून पाहणारा मनुष्य नागरिक आहे. हा पालट घडविण्यासाठी मराठवाड्याने तेरा महिने अधिक वाट पाहिली आणि मोठी किंमत दिली. सार्वभौमत्व हा शब्द यापुढे कोणीही उच्चारला, मग तो लंडनचा असो, दिल्लीचा असो वा आपल्याच गावचा असो, तर 'कोणाचे?' एवढा एक प्रश्न त्यास विचारावा, असे सुचवून आम्ही हे विवेचन पुरे करतो.